कानातली लोकर

कात्री माझ्या कानाला लागण्याच्या आत मी त्या नर्स मुलीचे मनगट धरले. असे धरले, की कात्री फरशीवर पडली आणि तिच्या तोंडून निघालेला आवाज बाहेरच्या बाकांवर बसलेल्या माणसांनीही ऐकला असावा. 'आजी, सोडा! हाड मोडेल माझं!' ती म्हणाली. मी सोडले नाही. अडुसष्टाव्या वर्षी माझ्या बोटांत एवढे बळ उरले आहे हे मलाही ठाऊक नव्हते; पण पन्नास वर्षे ज्या बोटांनी याकांच्या वेसणी ओढल्या, त्यांना माणसाचे मनगट म्हणजे वाळकी काडीच. 'नुसता मळका दोरा तर काढत होते. कान पिकलाय तुमचा, वास येतोय,' ती रडवेली होऊन म्हणाली. मी तिला सांगितले की तो दोरा नव्हे. 'मग काय आहे?' या प्रश्नाचे उत्तर काठमांडूच्या दवाखान्यात, पांढऱ्या भिंतींच्या खोलीत, औषधाच्या वासात देता येण्यासारखे नव्हते. मी मनगट सोडले. तिच्या कातडीवर माझ्या चार बोटांचे ठसे उमटले होते, आधी पांढरे, मग हळूहळू लाल होत गेलेले; आणि त्या लाल होण्याकडे पाहताना माझ्या डोळ्यांपुढे दुसरीच एक वस्तू लाल होत गेली. ती म्हणजे वर डोंगरात, आमच्या ल्हारी गावातल्या गोठणाची दगडी भिंत, आणि तिला टेकून उभे असलेले माझे धाकटे यजमान. ते टेकून उभे नव्हते, त्यांना भिंतीला खिळले होते, हे समजायला मला तेव्हा एक श्वासभर वेळ लागला होता.

मला दोन यजमान होते. सख्खे भाऊ. थोरले समडुप आणि धाकटे अंग्याल. एका घरात एकच सून, म्हणजे शेताचे आणि कळपाचे तुकडे होत नाहीत. थोरल्यांना मुले अबा म्हणजे बाप म्हणत, धाकट्यांना आखू म्हणजे काका. कोणते मूल कोणाचे हे आमच्याकडे विचारत नाहीत, आणि सगळ्यांना ठाऊक असते. माझा शेवटचा मुलगा लुंडुप नाकापासून नखापर्यंत धाकट्यांवर गेलेला होता. थोरले नऊ वर्षांपूर्वी वारले. त्यानंतर दोन वर्षांनी माझे गुडघे गेले आणि मी खाली शहरात, बौद्धनाथच्या स्तूपामागे, मुलीच्या तीन खोल्यांत राहायला आले. पण ल्हारीतले घर माझ्याच शब्दावर चालत होते. लुंडुपची बायको, माझी सून डोल्कर फोनसाठी टेकडी चढून जायची आणि वाऱ्यात ओरडून विचारायची, 'आमा, लोकर कधी कातरू? आमा, कोणता याक विकायला काढू?' कोठाराची किल्ली मी कमरेला लावूनच शहरात आले होते. सात वर्षे त्या घराने कडीचा कोयंडा उचकटून कोठार उघडले आणि पुन्हा ठोकून बसवले, पण किल्ली मागण्याची छाती कोणाची झाली नाही. मला याचा अभिमान होता. तो लपवण्याचे मला आजही कारण दिसत नाही. ज्या बाईच्या शब्दाला घरात वजन नाही, तिच्या घरात प्रत्येकजण मालक होतो आणि याक लांडग्यांचे होतात.

या उन्हाळ्यात मी सात वर्षांनी वर गेले. कळप पाहायचा होता, डोळे आहेत तोवर. घोड्यावर बांधल्यासारखी बसून पाचव्या दिवशी मी ल्हारीत पोचले, आणि सहाव्या दिवशी सकाळी धाकटे मला गोठणावर घेऊन गेले. त्यांना फार आनंद झाला होता. सहासष्ट वर्षांचा तो मनुष्य नव्या नवऱ्यासारखा पुढे पुढे चालत होता. 'ही बघा, ही पांढऱ्या पायाची, हिला औंदा जुळी झाली, पण एकच जगलं. आणि ती बघा, ती तुमच्यासारखी आहे, सगळ्यांना शिंगं दाखवते,' ते म्हणाले आणि स्वतःच हसले. तेवढ्यात वरच्या उतारावरून तो खाली आला. माजाचे दिवस होते. काळा, म्हातारा, पोटाखालची लोकर जमिनीवर लोळणारी, आणि डाव्या कानात रंग उडालेल्या लोकरीचा झुबका. गावात त्या याकाला नाव नव्हते. सगळे त्याला 'लुंडुपचा जीव' म्हणत. 'लुंडुपचा जीव काल ओढ्यावर दिसला,' 'लुंडुपच्या जीवाने माझं कुंपण पाडलं,' 'अरे लुंडुप, तुझ्या जीवाला सांग, माझ्या गायींच्या मागे लागू नकोस म्हणावं,' अशा थट्टा वर्षानुवर्षे चालत. सात वर्षांचा असताना लुंडुप तापाने जाता जाता राहिला होता. त्याच्या बदल्यात एक जीव सोडा असे लामांनी सांगितले आणि आम्ही कळपातले एक वासरू सोडले. त्याच्या कानात पाचरंगी लोकर ओवली. ओझे नाही, दोर नाही, कातर नाही, सुरी नाही; तो मरेल तेव्हा आपणहून मरेल, आणि तोवर मुलगा जगेल. तो याक आता गायींत घुसला. एक तरणा वळू आडवा आला, आणि म्हाताऱ्याने शिंगाने त्याची बरगडी अशी उघडली की आतले निळसर काहीतरी मला वीस पावलांवरून दिसले. माझ्या गायी, माझे वळू. मी ओरडले, 'अहो, बघत काय उभे राहिलात? हाकला त्याला!'

धाकट्यांनी पन्नास वर्षांत माझा शब्द मोडला नव्हता. त्या दिवशीही मोडला नाही.

त्यांनी गोफण फिरवली. दगड याकाच्या नाकाडावर बसला. याक वळला तो आवाज न करता. याक कधी हंबरत नाही. घशातल्या घशात घुरघुरतो, एखादा म्हातारा जप करत असावा तसा. त्या जपाचा आवाज आणि भिंतीतले दगड एकावर एक घासल्याचा आवाज यांच्यामध्ये धाकटे होते. याक मागे हटला, पुन्हा गेला. पुन्हा हटला, पुन्हा गेला. सडलेले लाकूड फोडताना जसा शेवटी शेवटी ओला आवाज येऊ लागतो, तसा. ते माझ्याकडे पाहत होते. भीतीने नव्हे. आता पुढे काय करू, असे विचारल्यासारखे. मी शिंगाला धरले. होय, या हातांनी. त्याने मान झटकली आणि मी शेणात पडले, आणि माझ्या तोंडाजवळून तो कान गेला, तो झुबका माझ्या गालाला घासून गेला, आणि इतक्या वर्षांनी मला त्या लोकरीचा वास आला. तो मला ओळखता आला. कारण ती लोकर त्या कानात मीच ओवली होती, आणि ती चोरीची होती.

'आजी, डॉक्टर येतायत,' नर्स मुलगी म्हणाली. ती आता दाराशी उभी होती, माझ्यापासून हातभर लांब. डॉक्टर तरुण होते. त्यांनी कानाला हात न लावता वाकून पाहिले. 'दोरा काढावा लागेल. वरचा कडक भाग पिकलाय. तिथं रक्त कमी पोचतं, जखम भरत नाही. उशीर केलात तर विष अंगात भिनेल.' मी म्हणाले, 'कान काढा. लोकर राहू द्या.' ते हसले. 'कान काढल्यावर लोकर कुठं राहील, आजी?' प्रश्न चुकीचा नव्हता. मी तो पंधरा वर्षांपूर्वी स्वतःला विचारला होता, आणि त्याचे उत्तर दिले होते, म्हणून तर हे सगळे.

त्या हिवाळ्यात बर्फ थांबलाच नाही. खिंड बंद झाली तेव्हा धाकटे मेंढ्या घेऊन खाली दक्षिणेत अडकले होते. घरात मी, थोरले आणि तेरा वर्षांचा लुंडुप. जनावरे उभ्या उभ्या गोठत. सकाळी उठून पाहावे तर ती उभीच असत, आणि ढकलले की दगडासारखी पडत. पण कोल्ह्या-लांडग्यांनी आणि बर्फाने त्यांतले फारसे हाती लागू दिले नाही. हिवाळ्याच्या सुरुवातीलाच शेजारच्या गोंबोने आपल्या मुलीच्या नावाने सोडलेली मेंढी मारून खाल्ली होती. गावकी माझ्या अंगणात बसली. मीच बोलले; त्या काळी मी बोलले की बाकीचे नुसते माना हलवत. 'दिलेला जीव ज्यानं परत घेतला, त्याच्या चुलीतला विस्तव कुणी घेऊ नये,' मी म्हणाले. गोंबो हात जोडून उभा होता, पण त्याचे डोळे जोडलेले नव्हते. 'आमा, तुमच्या कोठारात अजून सातू आहेत,' तो म्हणाला, 'म्हणून तुमच्या तोंडात धर्म आहे.' मी त्याला गावाबाहेर काढले. खिंड पुरती बंद होण्याआधी ती ओलांडताना त्याच्या बायकोच्या पायांची बोटे झडली, असे पुढे कळले. दोन महिन्यांनी माझ्या कोठारातले सातू संपले. लुंडुप आधी रडायचा, मग रडायचा थांबला, मग चामड्याचा पट्टा चावू लागला, आणि एके दिवशी तोही त्याने तोंडातून काढून बाजूला ठेवला. पट्टा बाजूला ठेवणारे मूल मी आधी पाहिले होते. माझेच, लुंडुपच्या आधीचे.

सोडलेला याक भिंतीच्या आडोशाला जिवंत होता. सोडलेल्या जनावराला ओझे नसते, म्हणून त्याच्या अंगावर मांस होते; उरलेल्यांच्या अंगावर नुसती कातडी आणि हाडे. रक्त सांडायचे नव्हते. आम्ही सांडत नाही. थोरल्यांनी ओला दोर त्याच्या तोंडानाकाभोवती गुंडाळला आणि आवळला, आणि मी त्याच्या मानेवर बसले. जनावर गुदमरून मरायला किती वेळ लागतो हे मला ठाऊक होते. त्याच्यासोबत आपला श्वासही कोंडतो हे नव्हते. त्याचा डोळा माझ्या गुडघ्याजवळ होता. तो आधी मोठा झाला, मग त्यात बारीक लाल धागे आले, मग त्यात मी दिसले. थोरले त्याच्या कानात मंत्र पुटपुटत होते, ज्या कानात लोकर होती त्याच कानात. सगळे संपल्यावर लोकरीची गाठ सुटेना. ती गोठली होती. मी कानाचा शेंडा लोकरीसकट कापला. त्या रात्री लुंडुप रस्सा प्यायला, ओकला, पुन्हा प्यायला. 'आमा, कुणाचं मांस?' त्याने विचारले. 'मेलेल्या गायीचं,' मी म्हणाले. हाडातली मज्जा तो बोटाने काढून चाटत होता. थोरले चुलीकडे पाहत म्हणाले, 'एकदा बाहेरून त्याचा जीव राखला, एकदा आतून. जनावरानं आपला शब्द पाळला.' पुढे मरेपर्यंत ते या विषयावर बोलले नाहीत. वसंतात बर्फ वितळले, तेव्हा कळपात एक काळा वळू उरला होता, दिसायला मेलेल्यासारखाच, फक्त दोन वर्षांनी लहान. त्याला त्या महिन्यात खच्ची करून ओझ्याला लावायचे होते. मी दाभण तापवून त्याच्या कानातून पार केले, लोकर ओवली, आणि त्याला डोंगरावर पिटाळले. सोडलेल्या जनावराला सुरी लावत नाहीत, म्हणून त्याला खच्ची कोणी केले नाही. त्याचा माज मी राखला. पंधरा वर्षे राखला. आणि मग 'हाकला त्याला' म्हणाले.

धाकट्यांचे अंग आम्ही रीतीप्रमाणे वरच्या पठारावर नेऊन ठेवले. गिधाडांनी त्यांना तासाभरात नेले. लुंडुप अखेरपर्यंत तिथे उभा होता, डोळे न मिटता. संध्याकाळी गावकी पुन्हा माझ्याच अंगणात बसली. मुखिया तुंडुक सावकाश बोलणारा मनुष्य, त्याने चहाचे तीन पेले संपवले आणि म्हणाला, 'याकाला खिंडीपलीकडे हाकलून देऊ. मारता तर यायचा नाही. तो लुंडुपचा जीव आहे.' लुंडुप म्हणाला, 'तो परत येईल. तो गायींचा वास घेत येईल. पुढच्या वेळी भिंतीला कोण असेल? डोल्कर? तुमची नात?' तुंडुक म्हणाला, 'बाबा रे, त्याला गोळी घातलीस तर तू स्वतःला गोळी घातलीस. आणि कुणासाठी? काकासाठी?' तो शब्द त्याने मुद्दाम टाकला. लुंडुपने माझ्याकडे पाहिले. नाकापासून नखापर्यंत धाकटे. आता पुढे काय करू, असे विचारणारे तेच डोळे.

एक वाक्य होते. तो तुझा जीव नव्हे, तुझा जीव मी मारला, तू खाल्लास. एवढे वाक्य माझ्या जिभेवर होते, आणि ज्या दगडावर मी बसले होते त्याच दगडावरून मी गोंबोला बाहेर काढले होते. त्याच्या बायकोची बोटे माझ्या घशात आडवी आली. समोर बसलेल्या प्रत्येकाच्या घरात माझ्या शब्दाने काही ना काही घडले किंवा मोडले होते. माझा शब्द खोटा निघाला तर ती सगळी घरे पायापासून हलणार होती, किंवा तसे मी मानले, कारण मानणे सोयीचे होते. मी म्हणाले, 'मुखिया म्हणतो तसं करा.' लुंडुपने मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी पहाटे लांडग्यांसाठी ठेवलेली थोरल्यांची ठासणीची बंदूक खुंटीवर नव्हती.

मी काठी टेकत, धापा टाकत वर पोचले तेव्हा त्याने पहिला बार घातला होता. याक गुडघ्यांवर आला होता, पण पडला नव्हता. छातीतून निघणारा फेस लालभडक होता आणि लोकरीत अडकून थरथरत होता. लुंडुप दुसरा बार भरत होता, जसे धाकटे लोणी घुसळत तसे, एकेका ठोक्याला. 'आमा, खाली जा,' तो म्हणाला. मी गेले नाही. त्याने बंदूक याकाच्या कानामागे लावली, लोकर नळीवर लोंबत होती, आणि म्हणाला, 'आखू, घ्या.' मग तो शब्द बदलून पुन्हा म्हणाला, आयुष्यात पहिल्यांदा, 'अबा, घ्या.' बार झाला. याक कुशीवर पडला, त्याचे मागचे पाय कितीतरी वेळ चालत होते, जणू तो अजून कुठे जाणार होता. लुंडुप त्या पायांकडे पाहत राहिला. मग त्याने बंदूक खाली ठेवली, घरी गेला, आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

मला वाटले, तो उद्या उठेल. जिवंत आहोत हे कळले की माणूस उठतो. त्याने आपला सुरा मेव्हण्याला देऊन टाकला, घोडा शेजाऱ्याला, आणि जेवायचे सोडले. डोल्कर सातूच्या पिठाचे गोळे करून त्याच्या ओठांना लावायची. तो ओठ उघडत नव्हता. 'अहो, आपल्या मुलीकडे तरी बघा,' ती म्हणायची. 'बघतोय,' तो म्हणायचा, आणि खरेच पाहायचा, निघालेला माणूस सामानाकडे पाहतो तसे. चार दिवसांत त्याच्या गालाची हाडे वर आली. पाचव्या दिवशी त्याने बोट तोंडात घालून चावल्यासारखे केले, आणि मग ते बाजूला ठेवले.

मी दार लावले आणि त्याला सांगितले. सगळे सांगितले; दोर, डोळा, कानाचा शेंडा, रस्सा, दाभण. डोल्करने तोंडावर हात घेतला. लुंडुप उठून बसला. मग, ज्याची मला कल्पना नव्हती ते झाले. तो हसला. 'आमा, मी जेवावं म्हणून तुम्ही गोंबोच्या जागी उभ्या राहिलात? तुम्ही?' मी चुलीची शपथ घेतली. माझ्या तोंडून उभ्या आयुष्यात एकच खोटे निघाले होते आणि ते सगळ्यांनी मानले. आता खरे निघाले तर माझाच मुलगा मानत नव्हता. तो पुढे म्हणाला, आणि त्याचा आवाज हसण्यातून बाहेर पडला, 'बरं, मानतो. तुम्ही म्हणता ते खरं असेल तर पंधरा वर्षं मला जीवच नाही, आणि तो मी माझ्या दातांनी खाल्ला. खोटं असेल तर पाच दिवसांपूर्वी मी तो माझ्या हातानं मारला. यातलं कोणतं घेऊन जेवू, सांगा.' डोल्कर घाईघाईने म्हणाली, 'दुसरा याक सोडू. उद्या लामांना बोलावू, पांढऱ्या पायाचीचं वासरू सोडू.' लुंडुप तिच्याकडे वळला. 'सोडू की. आमा लोकर बांधतील. आमाच पुन्हा सोडतील. उद्या उपास पडला की आमाच रस्सा करतील. डोल्कर, या घरात कुठल्या जनावराचा कान धरून मी म्हणू की हा माझा जीव आहे?' आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केले.

मी काठी टेकत वर गेले. मेलेल्या याकाचे पोट कुत्र्यांनी उघडले होते, डोळे कावळ्यांनी नेले होते, कान होता. गाठ सुटेना, पण या वेळी मी कान कापला नाही. गाठ दातांनी सोडवली. तिला रक्ताची, धुराची, जुन्या तुपाची चव होती. घरी येऊन मी दाभण विस्तवात धरले, लाल केले, आणि लुंडुपच्या पुढे बसले. माझ्या पाळीत पिरोजा आहे, लग्नातला. तो खाली राहू दिला आणि वरचा कडक भाग त्याच्याकडे केला. 'हे घे,' मी म्हणाले. 'मी बांधणार नाही. तू बांध. हे जनावर बदलता यायचं नाही.'

तो समजला. समजल्यावर त्याच्या तोंडावर जे आले ते मी कोणाच्याही तोंडावर पाहिले नव्हते, मरताना धाकट्यांच्या देखील. 'आमा, सोडलेलं जनावर म्हणजे काय हे माहीत आहे ना तुम्हाला?' मला माहीत होते. त्याच्यावर कोणाचा हुकूम नाही, आणि त्याचाही कोणावर नाही. त्याला घर नाही, कळप नाही, कोठार नाही. ते दाराशी आले तर मीठ द्यायचे. आत घ्यायचे नाही. मी कमरेची किल्ली सोडली आणि डोल्करपुढे ठेवली. ती मागे सरकली, निखारा पडावा तशी. 'उचल गं,' मी म्हणाले, आणि लुंडुपला म्हणाले, 'टोच.'

तो माझा शेवटचा हुकूम.

पहिल्या वेळी दाभण कानावरून घसरले आणि केसांत शिरले, जळल्याचा वास आला. दुसऱ्या वेळी ते आत गेले आणि मध्ये अडकले. कडक भाग फाटताना जो आवाज होतो तो बाहेर ऐकू येत नाही, पण डोक्याच्या आत तो बर्फ तडकल्यासारखा होतो. मी ओरडले नाही. त्याने दाभण फिरवले, ढकलले, पलीकडे काढले, आणि रक्त माझ्या मानेवरून आत उतरले, ऊन ऊन, कोणीतरी पाठीवर हात फिरवावा तसे. त्याने ती लोकर ओवली. गाठ मारताना तो रडत होता आणि लामांचे शब्द आठवून आठवून म्हणत होता, 'आजपासून तुझ्यावर ओझं नाही, दोर नाही, सुरी नाही,' आणि आईला अरे-तुरे करताना दर वेळी अडखळत होता. मी उठले आणि बाहेर जाऊन गोठणाच्या भिंतीशी बसले. त्या दगडांवरचा डाग अजून गेला नव्हता. आतून भांड्याचा आवाज आला. मग डोल्करचा रडण्याचा आवाज आणि त्यातच तिचे शब्द, 'सावकाश, सावकाश, अडकेल.'

डॉक्टरांना मी यातले काही सांगितले नाही. एवढेच म्हणाले की लोकर निघाली तर बाहेर बाकावर बसलेला माझा मुलगा मरेल. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मुलीच्या मनगटाकडे पाहिले, आणि खांदे उडवले. 'बाजूनं साफ करतो. लोकर औषधात भिजवतो. पण कान गेला तर मला बोल लावू नका. आणि दुखेल.' दुखले. त्यांनी चिमट्याने मेलेली कातडी ओढली, सुईने पू फोडला, आणि काहीतरी जळजळीत ओतले. माझ्या नखांनी खुर्चीच्या हाताची गादी फाटली. ती मुलगी आपण होऊन जवळ आली आणि तिने माझा हात धरला, त्याच मनगटाच्या हाताने. 'ओरडा की, आजी,' ती म्हणाली. 'इथं सगळे ओरडतात.'

काम झाल्यावर तिने दार उघडले. समोर बाकावर लुंडुप बसला होता. मला खाली आणायला पाच दिवस माझ्या घोड्यामागे चालत आला होता. सोडलेल्या जनावराचा लगाम धरत नाहीत, म्हणून तो मागे चालत आला. रस्त्यावरून कोणाकडून तरी उकडलेले बटाटे आणले होते, आणि ते तो कागदातून काढून खात होता. मांस त्याने सोडले आहे, बाकी सगळे खातो. पाय बाकावर वर घेऊन बसला होता, उकिडवा, गुराख्यासारखा. मोठे घास भरत होता, तोंड उघडे ठेवून चावत होता, मिठाचे खडे हनुवटीला चिकटले होते आणि लोक त्याच्याकडे पाहत होते. पाय खाली घे, तोंड मिटून खा, हनुवटी पूस, हे सगळे माझ्या जिभेच्या टोकाशी आले. चाळीस वर्षांची सवय, कानातल्या ठणक्यापेक्षाही जोरदार.

मी भिंतीला धरून उभी राहिले आणि काही बोलले नाही. त्याने आणखी एक बटाटा सोलला.